पत्त्यांच्या वहीची बखर

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात दोन वस्तू बाहेर निघत. माळ्यावरून आकाशकंदिलाचा कामट्यांचा सांगाडा आणि कपाटातून आईची पत्त्यांची वही. कंदिलाला नवा कागद चिकटवण्याचे काम आम्हा मुलांचे. वही उघडण्याचा अधिकार मात्र एकट्या आईचा. लाल कापडी पुठ्ठ्याची ती वही खरे म्हणजे व्यापाऱ्याची खतावणी. वडील शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीत हिशेब लिहीत, तेथूनच ती कोरी घरी आली होती. अडतीत चोपड्यांची पूजा होई त्या संध्याकाळी आईही आपली वही पाटावर ठेवून तिच्यावर हळदकुंकू वाही. ‘‘तिकडे पैशाची उधारी, इकडे माणसांची,’’ असे ती म्हणे, आणि वडील हसत.

त्या वहीला अक्षरांचा क्रम नव्हता. एका पानावर एक घर, अशी तिची मांडणी. वर गावाचे नाव, खाली त्या घरातली माणसे, वडीलधाऱ्यांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. प्रत्येक नावाच्या आधी ति., श्री., सौ., गं. भा., चि. यांपैकी काहीतरी. मुलीचे लग्न झाले की तिच्या नावापुढे बाण काढून ‘पाहा पान ४२’ असे लिहिलेले, आणि पान ४२ वर तिचे सासरचे नाव, जवळ माहेरचे आडनाव. कोणी गेले तर नाव खोडायचे नाही, आधी ‘कै.’ लिहायचे, समोर तिथी घालायची, आणि खाली बारीक अक्षरात ‘पत्र यापुढे काकूंना’ अशी नोंद करायची. समासात पत्रे गेल्याच्या आणि आल्याच्या तारखा. एका पानाच्या कोपऱ्यात नुसतेच ‘रागावले आहेत’ असे लिहिलेले होते. कोण आणि कशावरून, हे आईने शेवटपर्यंत सांगितले नाही.

आई गेल्यावर वही माझ्याकडे आली. मुलाने टेबलावर संगणक आणून बसवला होता. त्यात ईमेल धाडण्याचा जो प्रोग्रॅम असतो, त्याला पत्त्यांची वही जोडलेलीच असते. कागद जीर्ण झाला आहे, तेव्हा सगळी वही त्यात उतरवून काढावी, असे ठरवून मी एका पावसाळ्यात बैठक मारली. पहिल्याच नावाला अडलो. प्रोग्रॅम विचारी, पहिले नाव कोणते आणि शेवटचे कोणते? मग रस्ता, शहर, राज्य. आमची आत्या राहते मु. पो. अमुक, ता. भुदरगड. त्या गावाला रस्ता एकच, आणि त्याला नाव नाही. मु. पो. कोठे लिहायचे, तालुका कोठे घालायचा, आणि मुख्य म्हणजे ती आत्या आहे हे कोठे नोंदवायचे? महिनाभराने पाहिले, तेव्हा वहीतला जवळजवळ निम्मा मजकूर संगणकाच्या बाहेरच राहिला होता.

तेव्हापासून मी एक रिकामपणचा उद्योग चालवला आहे. ह्या प्रोग्रॅममध्ये काय असायला हवे होते, त्याच्या सूचना मी वहीच्याच मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवतो. त्या लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. आपण मागतो आहोत त्यातले बरेचसे आपल्याकडे पूर्वी होतेच. मध्येच कोठेतरी ते गळून पडले. ते कोठे गळले, हे शोधण्यासाठी ही छोटीशी बखर.

मराठीत पत्र कसे लिहावे ह्याचे शास्त्र फार जुने. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री असलेला हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, त्याच्या नावावर ‘मेस्तक’ नावाचे एक प्रकरण चालत आले आहे. लिहिणाराने कोणाला कसे संबोधावे, पत्राचा आरंभ कसा करावा, हा त्याचा विषय. पुढे शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथ नारायण हणमंते यांनी जो ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला, त्यात दुर्गवर्ग आणि शस्त्रवर्ग ह्यांच्या पंगतीला एक ‘लेखनवर्ग’ही आहे. किल्ला आणि तलवार ह्यांच्या बरोबरीने दौत-लेखणीला राज्याचे अंग मानणारी ती माणसे होती. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी एकदा लिहायचे राहून गेलेले पत्र कोऱ्या कागदावरून घडाघडा वाचून दाखवले, अशी आख्यायिका सांगतात. मसुदा गहाळ झाला म्हणून संगणकापुढे कपाळाला हात लावून बसणाऱ्यांनी ती अवश्य आठवावी.

ह्या शास्त्रातला गाभा म्हणजे मायना. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजेश्री’ हा मायना प्रतिष्ठित गृहस्थाला, विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, आईवडिलांना ‘तीर्थस्वरूप’, लेकराला ‘चिरंजीव’, विधवेला ‘गंगाभागीरथी’. खाली सही करणाराचे आशीर्वाद, नमस्कार, दंडवत की विज्ञापना, हेही ठरलेले. मायना चुकला तर नुसते पत्र बिघडत नसे, संबंध बिघडत. आज आपल्याला ह्यात थोडी खुशामत दिसते, आणि उच्चनीचतेचा वासही येतो. तो वास खराच आहे. विधवेची वेगळी खूण करणारा समाज कसा होता हे त्या ‘गं. भा.’मधूनच कळते, आणि ती खूण आता गेली तर तिच्यासाठी कोणी रडू नये. पण मायन्याचे एक काम खुशामतीपलीकडचे होते, ते लक्षात घेतले पाहिजे.

त्या काळच्या पत्रावर आजच्या अर्थाने पत्ता नसे. पत्र नेणारे जासूद बहुधा जोडीने जात. कोणत्या गावी, कोणत्या वाड्यात, कोणाच्या हाती द्यायचे, हे त्यांना तोंडी सांगितलेले असे. म्हणजे ठिकाण जासुदाच्या डोक्यात आणि नाते कागदावर, अशी ती वाटणी होती. हा मनुष्य माझा कोण लागतो, मी त्याच्यापुढे वाकायचे की त्याने माझ्यापुढे, हे सांगणारी माहिती पत्राच्या पहिल्या ओळीत भरलेली असे.

आणि दप्तराची शिस्त तर विचारूच नका. पत्र रवाना होण्यापूर्वी त्यावर ‘मोर्तब सूद’, ‘लेखनसीमा’ अशा मुद्रा. ‘बार’ म्हणजे दप्तरात नोंद झाल्याची खूण. पत्र येऊन पोचले की घेणारा त्याच्यावर ‘पै.’ असे लिहून चंद्र आणि महिना घाली. ‘पै.’ म्हणजे पैवस्त, पोचले. जुन्या पत्रांचे छापील खंड चाळताना ही दोन अक्षरे जागोजाग भेटतात, आणि कोणत्या स्वारीची बातमी पुण्याला किती दिवसांनी कळली, हे इतिहासकाराला त्यावरूनच ठरवता येते. मग ती पत्रे फडक्यात बांधायची. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते मोडी वाचणारी माणसे हाताशी घेऊन, एकेक रुमाल सोडून. आमच्या कोल्हापुरातही संस्थानचे जुने कागद पुरालेखागारात आहेत. तेथे हवा तो कागद हाती येणे म्हणजे नशीब लागते, हे तेथे बसलेल्यांना ठाऊक आहे. कागद जपणे आणि कागद सापडणे ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत. आपले पूर्वज पहिलीत निष्णात होते. दुसरी त्यांनी कारकुनाच्या स्मरणशक्तीवर सोडली.

मग १८५४ साल उजाडले. डलहौसीच्या अमदानीत सरकारी टपालाला, अंतर कितीही असो, हलक्या पत्रासाठी अर्धा आणा असा एकच दर ठरला. १८७९ साली पोस्टकार्ड आले, पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापुरापर्यंत आगगाडी आली. ह्या सगळ्याने पत्रव्यवहार वाड्यांतून निघून चाळींत आणि शेतकऱ्यांच्या घरांत शिरला, ही केवढी थोर गोष्ट! पण त्याबरोबर एक अदलाबदल झाली, ती कोणी फारशी टिपलेली नाही. पत्र नेणारा आता आपला जासूद नव्हता. तो अनोळखी सरकारी नोकर होता. त्याला मायन्याशी कर्तव्य नव्हते, ठिकाणाशी होते. म्हणून ठिकाण पाकिटावर आले आणि नाते पाकिटाच्या आत गेले. पोस्टकार्डाच्या अरुंद जागेत तर मायनाही आखडला: कृ. सा. न. वि. वि., म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. शाळेत आम्हाला ही अक्षरे पाठ करून घेत; त्यांचा अर्थ मात्र मला नोकरी लागल्यावर कळला.

ठिकाण लिहिण्याची तऱ्हाही आपली आपणच बसवली. ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. मग तालुका, मग जिल्हा. गावात घराला क्रमांक नसला तरी खूण असते. कोल्हापुरातले निम्मे पत्ते अजून खुणांवर चालतात: बिनखांबी गणपतीजवळ, मिरजकर तिकटीला, अमुक तालमीच्या मागे. राजारामपुरीसारखी आखीव वसाहत असेल तर गल्लीचा क्रमांक पुरतो. पेठांत मात्र तालीम आणि देऊळ ह्यांवाचून गती नाही. आणि नावांचे गोंधळ! शिरोळ तालुक्याचे गाव, शिरोली पुलाची हातकणंगले तालुक्यात, शिराळा सांगली जिल्ह्यात. घाईने लिहिलेल्या मोडीवळणाच्या अक्षरात ही तिन्ही एकच दिसतात. पत्र तीन तालुके हिंडून, तीन शिक्के खाऊन परत आलेले मी पाहिले आहे.

हा गोंधळ देशभरचा होता, आणि त्याच्यावर उपाय शोधणारा मनुष्य मराठी होता, ह्याचे मला राहून राहून कौतुक वाटते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्राच्या दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी. अनेक भाषा, अनेक लिप्या, सारख्या नावांची गावे आणि चुकीचे पत्ते, ह्यांमुळे हाताने टपाल निवडणाऱ्या कारकुनांची जी तारांबळ उडे, तिच्यावर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने निवडणीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटच्या तिहींनी नेमके वाटपाचे पोस्ट. नऊ हा आकडा सैन्याच्या टपालाला राखून ठेवलेला. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावाला ह्या शेवटच्या तरतुदीचे मोल सांगायला नको. तेथल्या घरांना आपला मुलगा कोणत्या डोंगरावर आहे हे ठाऊक नसे, ‘५६ एपीओ’ एवढेच ठाऊक असे, आणि तेवढ्यावर पत्र पोचे.

आमच्या भागाला ४१६ आले. गंमत अशी की, टपालखात्याने महसूलखात्याच्या सीमा जुमानल्या नाहीत. गडहिंग्लज ४१६५०२, तसे घाटाखालचे सावंतवाडी ४१६५१०, मालवण ४१६६०६ आणि सांगली ४१६४१६. जिल्हे वेगळे, पण टपालाच्या दृष्टीने सगळे एका घरचे. वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि कवी होते. १९९६ साली संस्कृतासाठी राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला, १९९९ साली ते वारले. थोडक्या अक्षरांत पुष्कळ अर्थ कोंबण्याची सवय असलेल्या सूत्रकारांचा अभ्यास करणाऱ्यानेच सहा आकड्यांत सारा देश बसवावा, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क. पंडितांनी रागावू नये.

आता संगणकाकडे वळू. १९७१ साली रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावरच्या माणसाला निरोप धाडला, आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव ह्यांच्यामध्ये ते वेटोळ्याचे चिन्ह घातले. हे आपल्या पिनकोडाच्या आधीचे एक वर्ष. आपल्याकडे इंटरनेट सामान्य माणसाला खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे पुन्हा तीच तारीख. २००० सालच्या आसपास कोल्हापुरात सायबर कॅफेच्या पाट्या दिसू लागल्या आणि परदेशी गेलेल्या मुलांचे आईबाप लाकडी खोपट्यांत बसून, शेजारच्या पोराकडून ‘चि. ... यास अनेक आशीर्वाद’ असे रोमन लिपीत टंकून घेऊ लागले. ते दृश्य मी पाहिले आहे. मायना एवढा चिवट असतो.

ईमेल ठेवण्याचे आणि धाडण्याचे जे प्रोग्रॅम टेबलावरच्या संगणकासाठी निघाले, त्यांतल्या एका जुन्या प्रोग्रॅमची हकीकत साहित्याच्या वाचकांना रुचेल. १९८८ साली इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर याने एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला ‘यूडोरा’ हे नाव दिले. यूडोरा वेल्टी ही अमेरिकेची नामांकित कथालेखिका. पोस्ट ऑफिसात जाऊन राहणाऱ्या एका बाईवरची तिची कथा त्याच्या मनात होती. एका कथाकर्तीचे नाव टपालाच्या यंत्राला मिळाले! पुढे १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे आउटलुक आले, त्यात टपाल, पत्ते आणि पंचांग एकाच छपराखाली नांदू लागले. २००४ च्या डिसेंबरात थंडरबर्ड आले. ते फुकट मिळते आणि वापरणारांच्या देणग्यांवर चालते. त्याची तक्रारवही उघडी असते. कोणीही जाऊन, ‘मला अमुक अडते, तमुक हवे’ असे लिहावे. इतरांनी त्याला दुजोरा द्यावा. त्याची पत्त्यांची वही कितीतरी वर्षे जुन्या थाटाची होती. वापरणारे कटकट करीत राहिले आणि २०२२ साली ती नव्याने बांधून मिळाली. सूचना करणाराने वय मोजू नये, एवढे खरे.

पण प्रोग्रॅम कोणताही घ्या, त्यांच्या पत्त्यांच्या वह्या एकमेकींशी बोलाव्यात म्हणून एक सामाईक प्रमाण ठरलेले आहे. त्याला व्हीकार्ड म्हणतात. १९९८ साली इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींनी त्याची जी आवृत्ती पक्की केली, तिच्यात नावाला पाच कप्पे होते: आडनाव, नाव, जादा नावे, आधीची उपाधी, नंतरची उपाधी. पत्त्याला सात: पोस्टाची पेटी, घराचा जादा तपशील, रस्ता, गाव, प्रांत, टपालाचा क्रमांक, देश. ज्यांनी हे आखले त्यांच्या गावात रस्त्याला नाव आणि घराला क्रमांक असतो. बिनखांबी गणपती नसतो. आमच्या मु. पो.ला आणि तालुक्याला तेथे जागा नव्हती. वडिलांचे नाव ‘जादा नावे’ ह्या कप्प्यात जावे! ज्या नावावरून सातबाऱ्यापासून मतदारयादीपर्यंत आमची ओळख पटते, ते त्यांच्या लेखी जादा. आणि कित्येक प्रोग्रॅम तो कप्पा दाखवीतही नाहीत.

२०११ साली ह्या प्रमाणाला नाती जोडण्याची सोय झाली, तेव्हा मी मोठ्या आशेने यादी वाचली. जोडीदार, मूल, आईबाप, भावंड ही आहेत. शेजारी आहे, सहकारी आहे. प्रेमपात्र आहे, इतकेच काय, स्फूर्तिदेवताही आहे. पण मामा नाही, मावशी नाही, आत्या नाही, नणंद नाही, व्याही तर नाहीच नाही. त्या सर्वांना मिळून एकच शब्द: नातलग. ज्या भाषेत आईचा भाऊ आणि वडिलांचा भाऊ ह्यांना दोन वेगळे मान आहेत, त्या भाषेतल्या माणसाने ह्यावर काय म्हणावे! बरे, त्याच वर्षी मृत्यूची तारीख नोंदवण्याची सोयही प्रमाणात आली. ती माझ्या प्रोग्रॅमच्या कोणत्याही रकान्यात मला आजवर सापडलेली नाही.

ह्या रकान्याची किंमत मला गेल्या दिवाळीत कळली.

गडहिंग्लजचे एक मास्तर माझ्या वडिलांचे स्नेही. वहीत त्यांचे घर पहिल्या दहा पानांत. त्यांच्या मोठ्या नातवाला आजोबांचेच नाव ठेवलेले. आपल्याकडची ही जुनी चाल. आजोबांच्या वडिलांचे नाव वेगळे, नातवाच्या वडिलांचे वेगळे, त्यामुळे पूर्ण नाव लिहिले तर घोटाळ्याला वाव नाही. नातू पुण्यात नोकरीला. मास्तरांनाही त्यानेच जुना संगणक देऊन ईमेल शिकवली होती, आणि ऐंशी उलटल्यावरही ते मला मोठ्या हौसेने देवनागरीत लिहीत. गेल्या श्रावणात मास्तर गेले. मी भेटून आलो.

दिवाळीच्या आधी आमच्या प्रोग्रॅमने आपण होऊन विचारले: ही दोन नावे एकाच माणसाची दिसतात, एकत्र करू का? मधले नाव त्याने कधीच टाकून दिले होते. उरले होते नाव आणि आडनाव, ते दोघांचे एकच. अशा वीस-पंचवीस जोड्या त्याने काढल्या होत्या. कोल्हापुरात पाटील काय थोडे आहेत? म्हणून तर लोक ‘पाटील ट्रॅक्टर’, ‘पाटील दूध’ अशी नावे घालून ठेवतात. मी घाईने सगळ्यांना होकार दिला. मग नातवाला म्हणून शुभेच्छा लिहिल्या: नव्या नोकरीबद्दल अभिनंदन, आरोग्य सांभाळा, पुढच्या वर्षी घरी या, अशा. त्या गेल्या आजोबांच्या पत्त्यावर.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. काकूंचे. मास्तरांचा संगणक त्या अजून रोज उघडीत होत्या. फारसे कळत नाही, पण पत्रे येतात ती वाचते, असे त्यांनी लिहिले होते. ‘तुमची शुभेच्छा ह्यांच्या नावाने आली. पुढच्या वर्षी या म्हटले आहे. ह्यांना फार बरे वाटले असते.’ एवढेच. खाली आशीर्वाद.

प्रोग्रॅमचा दोष किती आणि माझा किती, ह्याचा निवाडा करायला मी बसलो होतो, जमले नाही. आईच्या वहीतून हे घडले नसते, एवढे मात्र निश्चित. तेथे ‘कै.’ होते, तिथी होती, आणि ‘पत्र यापुढे काकूंना’ होते.

तेव्हापासून माझ्या मागच्या पानांवरच्या सूचनांना थोडी धार आली. वडिलांचे किंवा पतीचे नाव हे नावाचेच अंग धरा आणि दोन नावे एक करण्यापूर्वी ते पाहा. गेलेल्या माणसाची नोंद राहू द्या, त्याची पत्रे राहू द्या, फक्त शुभेच्छांच्या यादीतून त्याला आपोआप बाहेर काढा आणि त्याच्या घरात पत्र कोणाला जायचे ते विचारा. माणसाबरोबर घरही एक नोंद असू द्या. आमच्याकडे आमंत्रण सहकुटुंब सहपरिवार जाते. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या नावाने शोधले तरी ती सापडू द्या. देवनागरीत लिहिलेले नाव रोमन अक्षरांत शोधले तरी मिळावे, आणि क्षीरसागर हे आडनाव ‘क’मध्ये न पुरता मराठी कोशांच्या रीतीप्रमाणे ‘ह’च्या पुढे द्यावे. आणि प्रत्येक नावाला मायन्याचा एक रकाना. पत्र लिहायला घेतले की वरची ओळ त्याने पुढे करावी: ति. मामांस, किंवा नुसते प्रिय अमुक, जसे ज्याचे असेल तसे. हा रकाना ज्याला नको त्याने रिकामा सोडावा.

अगदीच निराश व्हावे असे नाही. २०२४ साली त्या व्हीकार्डाच्या पत्त्यात नवे कप्पे घातले गेले: इमारत, मजला, उपजिल्हा, जिल्हा आणि ठळक खूण. म्हणजे तालुका आला, जिल्हा आला आणि बिनखांबी गणपतीही आला! जगभरच्या कोणकोणत्या गावच्या लोकांनी ह्यासाठी डोके खाल्ले असेल कोण जाणे. मी त्यांना मनोमन दंडवत घातला. प्रमाणात आलेला कप्पा प्रोग्रॅमच्या पडद्यावर यायला आणखी काही वर्षे लागतील, हा भाग वेगळा. इकडे आपल्या टपालखात्यानेही २०२५ च्या मे महिन्यात डिजिपिन काढला आहे. दहा अक्षर-आकड्यांत सुमारे चार मीटर लांबीरुंदीचा चौकोन नेमका दाखवता येतो. आमच्या घराचे तसे चार-पाच चौकोन भरतील. त्यातला एक देवघराचा, एक आईच्या कपाटाचा. ठिकाण सांगण्याची विद्या अशी चार मीटरांपर्यंत येऊन पोचली. नाते सांगणारा रकाना अजून ‘नातलग’ ह्या एका शब्दावर अडला आहे.

यंदा मी दोघांचे काम वाटून दिले आहे. पुण्याच्या, मुंबईच्या आणि परदेशच्या मंडळींना संगणकातून ईमेल. प्रत्येकाच्या शेऱ्याच्या रकान्यात नाते आणि मायना मी हाताने भरला, त्याला सगळा गणेशोत्सव गेला. मास्तरांचे आणि नातवाचे नाव पुन्हा वेगळे केले, मधल्या नावांसकट. काकूंना मात्र पोस्टकार्ड, ठळक अक्षरात. वही काढून गडहिंग्लजचे पान उघडले आणि समासात, आईच्या शेवटच्या तारखेखाली, परवाची तारीख घातली: रवाना. पुढे ‘पै.’ एवढे लिहून जागा सोडली आहे.